उन्हात पडलेला तंगूस

वालावलकर बाईंच्या डब्याला दोन कप्पे होते. वरच्यात चपाती आणि काळ्या वाटाण्याची उसळ, खालच्यात जिवंत कुर्ल्या. खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या, फटीत मिळणाऱ्या, मोठ्या बोराएवढ्या, पाठीवर शेवाळ धरलेल्या. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून त्या डब्यात भरायच्या आणि डबा स्टाफरूमच्या टेबलाखाली सावलीत ठेवायचा. शाळा सुटली की बाई घरी न जाता तशाच खडपावर जात. गोब्रा नावाचा जो मासा त्यांना हवा असे, त्याला मेलेली कुर्ली चालत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. "तेका जेवण दारात चालत इलेला व्हया," म्हणायच्या. "जावई आसा तो."

एकदा तपासणीच्या दिवशी, साहेब चहा घेत असताना, त्यातली एक कुर्ली टेबलावर आली. बशीतल्या शंकरपाळ्याकडे तिरकी तिरकी चालत गेली आणि तिथे थांबली. साहेबांचा कप हातात तसाच राहिला. मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. बाई मात्र उठल्या, दोन बोटांनी कुर्लीला मागून उचललं आणि अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "भूगोलाचं साहित्य आहे, सर. किनाऱ्यावरची जीवसृष्टी. आज सातवीचा तास आहे." साहेबांनी शेरेबुकात प्रत्यक्ष साहित्याचा वापर होत असल्याबद्दल चांगलं लिहिलं. संध्याकाळी खडपाच्या वाटेवर बाई मला म्हणाल्या, "शेरो बरो दिल्यान. पण कुर्ली दमली रे माझी."

बाई गेल्या त्याला थोडेच दिवस झाले. शाळेत शोकसभा झाली तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली. लोक हसले, एकदोघांनी डोळे पुसले, मी खाली बसलो. बाकीचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवलं. ते आता लिहितो.

मी मूळचा वैभववाडीचा. विज्ञान शिकवायला मालवणजवळच्या या शाळेत आलो तेव्हा समुद्र मला सहलीपुरता माहीत होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "रावराणे सर, आपल्याला पोहता येतं का?"

"नाही."

"मग आज खडपावर चला माझ्याबरोबर. पोहता येणारी माणसं तिथे निष्काळजी असतात."

शाळेत त्या मला 'सर' आणि 'आपण' म्हणत. मारुतीच्या देवळामागून पाऊलवाट खाली उतरली आणि चपला हातात घेतल्या की मी 'रावराण्या' होई. "रावराण्या, पाय सपाट ठेव. शेवाळार टाच टेकू नको. रेल्वेटेशन न्हय ह्या." वर परत येताना देवळाशी चपला पायात घातल्या की पुन्हा 'सर'. मधे कधी चूक झाली नाही. मी मात्र शेवटपर्यंत त्यांच्याशी शाळेचीच भाषा बोललो. मनातलं बोलायला जी भाषा लागते ती मला कुठलीच नीट आली नाही, हे त्यातलं खरं.

त्यांच्याकडे रॉड वगैरे नव्हता. हातगरीच. लाकडाच्या एका फळकुटाला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची ती पारदर्शक दोरी. शेवटी शिशाचं वजन, त्याच्या थोडं वर हातभर तुकड्याला बांधलेली गरी. यात त्यांची एक खास पद्धत होती. शिसं कधी तंगुसानं बांधायचं नाही. ते साध्या शिवणाच्या कच्च्या दोऱ्यानं बांधायचं. खडपात वजन हमखास अडकतं. पक्कं बांधलेलं असेल तर ओढताना सगळंच तुटून जातं, कधी लागलेला मासाही. कच्चा दोरा असला की तेवढं शिसं तुटतं, बाकीचं वर येतं. "जाणारा जावंदे," त्या म्हणत, "रवणारा रवाक व्हया."

मासा बघून बाई पूर्ण बदलत. तांबोशीसाठी बारीक तंगूस, लांब तुकडा, शेपटीतून ओवलेलं जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, आणि तोंडातून शब्द नाही. "तांबोशी म्हणजे नवीन सून. सगळा आयकता, दिसाक दिसणा नाय." पालूचे ओठ मऊ, म्हणून लहान गरी, दगडावरचं कालव फोडून ते गरीला दोऱ्यानं बांधायचं आणि लागला तरी हिसका द्यायचा नाही, नुसतं कुणाला झोपेतून उठवावं तसं उचलायचं. केंड, ते फुगणारे दातेरी मासे, आले आणि तंगूस कातरू लागले की बाई सरळ गुंडाळून दुसऱ्या दगडावर जात. त्यांच्याशी त्या भांडत नसत. "केंडाबरोबर हुज्जत घालणारो मास्तर मी बगलंय. सुपरवायझर झालो, पण सुखान नाय जेवलो."

आणि गोब्रा. गोब्र्यासाठी जाड तंगूस, तुकडा आखूड, कुर्ली मागच्या पायाशी टोचलेली. तो आपल्या बिळाच्या तोंडाशी बसलेला असतो. कुर्ली तोंडात घेतली की तो वळतो आणि घरात शिरतो, आणि कल्ले फुगवून असा बसतो की चार माणसांनी ओढला तरी येत नाही. तो वळायच्या आत त्याला उचलायचं असतं. डोळ्याची पापणी पडायला लागतो तेवढाच वेळ. बाई तंगूस उजव्या तर्जनीवरून घेत, बाकीचा हात सैल, नजर भलतीकडे, कधी माझ्याशी कुणाच्या बदलीविषयी बोलत असत; आणि बोलता बोलता हात वर गेलेला असे. वाक्य मागाहून संपे. मी त्यांना किती वेळा विचारलं की कळतं कसं. त्यांनी एकदाच उत्तर दिलं. "माका कळणा नाय. हाताक कळता."

कधी तो सुटून बिळात गेलाच, तर तंगूस पूर्ण सैल सोडायचा आणि बसायचं. त्याला वाटलं पाहिजे की दारातून माणूस गेला. मग तो आपण होऊन बाहेर येतो. या बसण्यात बाईंनी चाचणीचे कितीतरी गठ्ठे तपासले. एकदा वारा आला आणि एका पोराचा पेपर उडून पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्याला उभं करून त्या म्हणाल्या, "तुझा पेपर माझ्या हातून समुद्रात गेला. चूक माझी आहे. तुला किती पडले असते?" पोरगं विचारात पडलं. मग म्हणालं, "बाई, पास झालो असतो." बाईंनी त्याला पास होण्यापुरते दिले आणि त्याचं उत्तर मला कित्येक दिवस ऐकवलं. मागता आले असते ते मागितले नाहीत, याचं त्यांना फार अप्रूप.

यजमान बोटीवर होते. सुट्टीवर आले की समुद्राकडे पाठ करून पडवीत बसत. "दर्या म्हणजे तेंचा ऑफिस," बाई सांगत. "रजेत ऑफिस कोण बगता?" त्यामुळे खडप हे बाईंचं एकटीचंच राहिलं. यजमान वारले, मुलगा प्रसाद शिकून ठाण्याला नोकरीला लागला, बाई निवृत्त झाल्या. घर ते खडप ही वाट तेवढी तशीच राहिली, आणि शाळा सुटल्यावर मी.

मग काचबिंदू झाला. तो आधी कडेचं खातो. समोरचं बाईंना बरेच दिवस चांगलं दिसत होतं, बाजूचं दिसेना. आणि खडपावर लाट बाजूनंच येते. पुढे गरीचं भोकही दिसेना तेव्हा बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी बांधलेली प्रत्येक गाठ त्या खालच्या ओठावरून फिरवून बघत. ओठाला खरखर लागली की परत. "वैभववाडीक सोडून ये ही गाठ." पसंत पडली की काही न बोलता कुर्ली मागत.

त्या वर्षी प्रसाद चतुर्थीला आला होता. एका संध्याकाळी तो आमच्यामागून खडपापर्यंत आला आणि दूर उभा राहिला. नेमका तेव्हाच बाईंना मोठा मासा लागला, त्या ओढल्या गेल्या, एक पाय सुटला, गुडघ्यावर आल्या. मी दंड धरला. मासा वर घेतल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. गुडघ्यातून रक्त येत होतं ते त्यांना दिसलं नाही. प्रसादला दिसलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर तो माझ्याकडे आला. "सर, माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तिला हे बंद करायला सांगा. तिथे पडली तर मला ठाण्याहून येऊन काय मिळणार?"

मी "सांगतो" म्हणालो. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मलाही भीती वाटत होतीच. पण सांगायचं म्हणजे बाईंसमोर बसून म्हणायचं, की बाई, पुरे आता. ते वाक्य मी कितीदा मनात तयार केलं आणि कितीदा घेऊन गेलो. दरवेळी त्या म्हणत, "कुर्ल्यो बग कश्यो आसत आज," आणि मी कुर्ल्या बघत असे.

तंगूस बाई बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून, अंधारात ठेवत. मला त्यांनी पहिल्या वर्षीच बजावलेलं होतं की तंगूस पापडासारखा उन्हात घालायचा नाही. उन्हात पडलेला तंगूस दिसतो तसाच, हाताला लागतो तसाच, लहान मासा सुखानं आणतो. मोठा लागला की मात्र तुटतो. माझ्या घराच्या गच्चीवर तसा एक गुंडा पडून होता. आदल्या उन्हाळ्यात मी विसरलेला. टाकून द्यायचा म्हणून हातात घेतला आणि टाकला नाही.

पुढच्या वेळी बाईंची गरी बांधताना गरीच्या वरचा तो हातभर तुकडा मी त्या गुंड्यातला घेतला. गाठ उत्तम बांधली. बाईंनी ओठावरून फिरवली आणि कुर्ली मागितली.

मी स्वतःला काय सांगितलं ते अजून आठवतं. शिशाचा दोरा कच्चा कशासाठी, बाकीचं वाचावं म्हणून. तसंच हे. मासा जाईल, बाई राहतील. त्यांचीच रीत त्यांना लावली, यात वावगं काय. तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं म्हणून मी ते तंगुसाकडून सांगून घेत होतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून माणूस किती काळ स्वस्थ राहू शकतो याचा मला चांगला अनुभव आहे.

त्याच आठवड्यात गोब्रा लागला. बाई मला कुठलीशी आमटी सांगत होत्या. हात वर गेला तो मी पाहिला. वेळेवर गेला, नेहमीसारखाच. आणि तंगूस हलका झाला. त्यांनी गुंडाळून टोक हातात घेतलं, ओठाला लावलं.

"कापलेलो न्हय," म्हणाल्या. "तुटलो."

"खडकाच्या धारेला घासला असेल," मी म्हणालो.

त्यांनी टोक पुन्हा ओठाला लावलं. "धारेक कधी लागतलो? तो आत गेल्यार. म्हणजे मी उशीर केलंय."

"नाही हो बाई."

"तू काय बगलंस? तू पाण्याकडे बगी होतंस."

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हे म्हणायला ती वेळ होती. मी नवीन गरी बांधायला घेतली, आणि वरचा तुकडा त्याच गुंड्यातला.

पूर्ण हंगाम असाच गेला. पालू येत, लहानसहान गोब्रे येत, मोठा लागला की जाई. बाईंचा पाय पुन्हा सुटला नाही. प्रसादचा फोन येई, मी सांगे की सगळं ठीक आहे, मोठ्या माशांच्या मागे आता त्या नसतात. तो म्हणे, "तुम्ही आहात म्हणून, सर." बाई मात्र आतून काहीतरी मोजू लागल्या होत्या. आमटीचं बोलणं बंद झालं. आता त्या गप्प, ताठ, सगळं लक्ष बोटावर ठेवून बसत, आणि त्यांच्या बोटाला त्या लक्षाची कधी गरजच नव्हती. मग खरोखरच चुका होऊ लागल्या. पालूलासुद्धा हिसका बसू लागला. एका संध्याकाळी त्यांनी डबा उघडलाच नाही.

"तू घाल गरी. मी बसतंय."

"का?"

"डोळे गेले त्याचा माका काय वाटणा नाय रे. दिसत होता तेवाय मी खंय बगी होतंय? हात गेलो."

त्यानंतर त्या खडपावर आल्या नाहीत. मला वाटलं होतं, एवढंच थांबेल. पण हाताचं तसं नसतं. आधी त्यांनी गॅस पेटवायचं सोडलं. शेजारची बाई येऊन चहा करून जाई. मग विहिरीचा रहाट. मग कुलूप, मी गेलो की म्हणत, "लावलंय काय बग, माझ्या हाताचो भरवसो नाय." फळ्यावर न बघता महाराष्ट्राचा किनारा काढणारी बाई, डहाणूपासून खाली एकाच रेघेत यायची, आणि मालवणशी किंचित थांबायची. ती आता कप दोन्ही हातांनी धरी. वर्ष सरायच्या आत त्या ठाण्याला जायला तयार झाल्या. प्रसाद मला म्हणाला, "आपण होऊन हो म्हणाली. मला वाटलं होतं भांडेल." सामान बांधायला मी होतो. बिस्किटांचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "तुझ्या उपेगाचो."

मी एकट्यानं खडपावर गेलो नाही. आता तिकडे पर्यटकांना दोरीनं आकाशात उडवणाऱ्या बोटी फिरतात. माझ्या बायकोनं एकदोनदा विचारलं, तो डबा माळ्यावर का टाकलाय. मी म्हणालो, वेळ नसतो. बाई फोनवर विचारत, "गोब्रो गावलो काय?" त्यांनाही तेच सांगायचो.

मागच्या चतुर्थीला प्रसाद त्यांना घेऊन आला. तोपर्यंत दिसायचं पूर्ण थांबलं होतं. मी डबा काखेत मारून गेलो; कशासाठी ते नक्की ठरवलेलं नव्हतं. बाई पडवीत खुर्चीवर बसलेल्या. सुनेनं चहा आणला, त्यांचे दोन्ही हात घेतले, कपाभोवती एक एक बोट बसवलं आणि मग सोडलं. बाईंनी ते निमूट करू दिलं. मला बसवेना.

सून आत गेल्यावर म्हणालो, "बाई, तुमच्या हातानं कधीच उशीर केला नव्हता."

"कसलो उशीर?"

"गोब्र्याला. तंगूस कच्चा होता. उन्हात पडलेला. मी बांधायचो. मुद्दाम."

त्यांनी कप मांडीवर टेकला. गेटाबाहेरून कुणाच्यातरी घरच्या भजनाचा पखवाज येत होता.

"प्रसादान सांगल्यान?"

"त्यानं तुम्हाला थांबवायला सांगितलं होतं. हे माझं."

"मगे थांबवूक काय झाला होता?"

"मला तुम्हाला सांगता आलं नाही."

"सांगलं असतंस तरी मी काय आयकला नसता," त्या म्हणाल्या. "पण भांडाक तरी गावला असता माका. तू ताय नाय दिलंस." मग थोड्या वेळानं, "किती होते रे मोठे?"

"दोन तरी फार मोठे. बाकीचे बरे."

"आणि हात?"

"वेळेवर. दरवेळी. मी हाताकडेच बघत होतो."

त्यांनी कप खाली ठेवला. जमीन चाचपली आधी, मग ठेवला. "ता काय आणलंस काखेत? पत्र्याचो वास येता."

डबा दिला. त्यांनी लुगडं सोडलं, फळकुट काढलं, तंगुसाचं टोक शोधलं आणि ओठावरून हातभर ओढलं. "ह्यो बरो आसा. धर टोक. खळ्यात जा. थयसून ओढ. कधी ओढतलंस ता सांगू नको."

मी अंगणात तुळशीपर्यंत गेलो. टोक बोटाला गुंडाळलं. पडवीत बाई बसलेल्या, तंगूस तर्जनीवर, डोळे मिटलेले. वाट बघितली. रस्त्यावरून रिक्षा गेली तेव्हा तिच्या आवाजात मी हळूच ओढलं. माझं ओढणं पुरं व्हायच्या आत तंगूस बोटात रुतला. इतका की मी पुढे पाऊल टाकलं.

"सुटलो?"

"नाही, बाई."

"परत घे. आणि लबाडी करू नको. गोब्रो हो खरो."

मी खरा झालो. झटके दिले, खोटं चाचपलं, कुर्ली नुसती चाटून सोडल्यासारखं केलं. त्यावर त्या हलल्या नाहीत. घेतलं की हात वर. प्रसाद दारात येऊन उभा राहिला होता. माझ्या बोटाची कातडी कापली तेव्हा मी ती तोंडात धरली आणि दुसऱ्या हाताला टोक गुंडाळलं. दिवेलागण झाली. त्यांच्या हातानं एकदाही उशीर केला नाही.

शेवटी त्यांनीच तंगूस गुंडाळायला घेतला. मी वाट बघत उभा होतो, कशाची ते सांगायला नको.

"आता घराक जा," त्या म्हणाल्या. "आणि उद्या येव नको. माका राग येतलो, तो नीट येवंदे."

मी गेलो नाही. गौरी गेल्या, गणपती गेले. प्रसादकडून कळलं की आई फार बोलत नाही, पण सुनेला स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर घालवलं आणि चहा स्वतः केला. साखर जास्त पडली, तो सांगत होता, पण कुणी बोललं नाही.

निघायच्या दिवशी मात्र मी गेलो. बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आलोय हे त्यांना माहीत होतं. मी पायरीवर आलो तेव्हाच त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. गाडी दारात लागली. प्रसाद पुढे झाला. "आई, हात दे."

"वायच बाजूक रव."

त्यांनी गाडीचं छत चाचपलं, दाराची कड, सीट. वाकल्या. अंदाज थोडा चुकला, कपाळ वर आपटलं, आवाज आला. प्रसाद हलला तसा त्यांनी तळवा वर करून त्याला तिथेच थांबवला. बसल्या. दार स्वतः ओढून लावलं, जोरात.

गाडी निघाली आणि मला दिसलं की पदराचा शेव दारात अडकून बाहेर राहिलाय. लाल मातीवरून घसटत, मागच्या चाकाच्या जवळ. आजूबाजूला बरेच लोक उभे होते. कुणीतरी सांगेल, असं क्षणभर माझ्या मनात आलंच. मग मी धावलो. पायातली एक चप्पल गेली. गाडीच्या मागच्या काचेवर हात मारत ओरडलो, "बाई, पदर. तुमचा पदर बाहेर राहिलाय."

गाडी थांबली. दार थोडंसं उघडलं. आतून एक हात बाहेर आला. त्यानं पदर चाचपून धरला, मातीचा शेव दोनदा झटकला, घडीघडीनं आत घेतला. मग दार लागलं आणि गाडी शाळेच्या वळणावरून गेली.